'फेस्ट' करार: जर्मन ऑपेरागृहाची पगारी नोकरी कोरियन बॅरिटोनला कितपत परवडते?

सोलहून निघालेला बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीतल्या आवाजाचा गायक, जर्मनीत उतरतो तो बहुतेक वेळा एकाच शब्दासाठी: फेस्ट. फेस्ट म्हणजे ऑपेरागृहाच्या गायकसंचात महिन्याच्या पगारावर नेमणूक. प्रयोगागणिक मानधन घेऊन जाणारा तो पाहुणा, म्हणजे गास्ट. वर्षभर घरचा तो फेस्ट. या नेमणुकीची किंमत युरोत नव्हे, वयात मोजावी लागते. कोरियात चार वर्षांची पदवी, 18 महिने सैन्य, मग जर्मनीत दोन-तीन वर्षं संगीत महाविद्यालय. हे सगळं उरकेपर्यंत गडी 28-29 वर्षांचा होतो आणि हातात येतो तो एका, फार तर दोन हंगामांचा कागद. त्या कागदात नेमकं काय मिळतं, काय कापलं जातं आणि तो कुठे दगा देतो, ते पाहू.

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. पहिले तीन-चार हंगाम या नोकरीसारखा सौदा बॅरिटोनला दुसरीकडे मिळत नाही. त्यानंतर मात्र ती दर वर्षी नव्याने तपासावी लागते. आणि ती टिकते ती गळ्याच्या जोरावर कमी, जिभेच्या जोरावर जास्त. कोरियन गायक नेमका याच बाजूला हात आखडता घेतात.

काय मिळतं

जर्मनीत स्वतःचा गायकसंच, कोरस म्हणजे समूहगायकांचा ताफा, आणि वाद्यवृंद असलेली ऑपेरागृहं ऐंशीच्या आसपास आहेत. लहान शहरांतसुद्धा आहेत, आणि खरी गंमत तिथेच आहे. अशा ठिकाणी संचात एक किंवा दोनच बॅरिटोन असतात. त्यामुळे एका हंगामात साधारण पाच ते आठ भूमिका अंगावर पडतात, त्यातल्या दोन-तीन तरी मोठ्या. मोत्सार्टच्या 'फिगारो' या ऑपेरातला काउंट एकदा बसवला की तो ऑक्टोबरपासून मेपर्यंत अधूनमधून गायचा. कधी तीन आठवड्यांच्या खंडानंतर, कधी आदल्या रात्री दुसरंच काही गाऊन.

कोरियातल्या पद्धतीशी तुलना केली की याचं मोल कळतं. कोरियाचं राष्ट्रीय ऑपेरा मंडळ 1962 चं, सोल आर्ट्स सेंटरचं ऑपेरागृह 1993 चं, देगूचं ऑपेरागृह 2003 चं. वास्तू उत्तम, वाद्यवृंद उत्तम, प्रेक्षकही जाणता. पण एका निर्मितीचे प्रयोग सहसा गुरुवार ते रविवार असे चार, आणि भूमिकांचे दोन संच. म्हणजे कित्येक आठवड्यांच्या तालमीनंतर एका गायकाच्या वाट्याला दोन संध्याकाळी. दोन संध्याकाळी कुणीही तयारीने गाऊ शकतो. घसा बसलेला, झोप झालेली नाही, समोरची सोप्रानो (उंच पट्टीची गायिका) आजारी म्हणून दुसरीच कुणी दुपारी आगगाडीने येऊन उभी राहिलेली, अशा रात्री तीच भूमिका कशी निभवायची, हे अकराव्या-बाराव्या प्रयोगातच समजतं. फेस्ट करार विकतो तो हा अनुभव. पगार ही त्याच्यासोबत मिळणारी सोय समजावी.

इटलीत हे मिळत नाही. तिथे गायकसंच नसतो; प्रत्येक निर्मितीसाठी गायक वेगळे बोलावतात आणि प्रयोगावर मानधन. प्रयोग नाही तर उत्पन्न नाही, आणि राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाला दाखवायला नियमित पगाराची चिठ्ठी नाही. म्हणून मिलानला गळा घडवून मग उत्तरेकडे वळलेले कोरियन गायक पुष्कळ. सॅम्युएल युन हे त्यातलं ठळक नाव: सोल, मिलान, मग कोलोन, आणि 1999 पासून कोलोन ऑपेराच्या संचात.

दिवसाची आखणी मात्र तुटक असते. सकाळची तालीम दहाला सुरू होऊन दुपारी एक-दोनला संपते, संध्याकाळची सहाच्या सुमारास सुरू होऊन दहापर्यंत. मधले चार-पाच तास मोकळे दिसतात, पण त्यात झोप, जेवण आणि पुढच्या भूमिकेचा पाठ बसवायचा असतो. शनिवारीही सकाळी तालीम असते. बाहेर दुसरीकडे गायला जायचं तर आधी घरच्या व्यवस्थापनाची परवानगी लागते, आणि ती मिळेलच असं धरून चालू नये. करारावर सही करण्यापूर्वी, पुढच्या हंगामात ठरलेले बाहेरचे प्रयोग तारखांसह करारातच लिहून घ्यावेत. तोंडी 'बघू या' याला काही किंमत नसते.

पगार

जर्मन रंगभूमीवरच्या नोकऱ्या 'एन फाऊ ब्यूने' या सामूहिक करारानुसार चालतात. त्यातला एकल गायकाचा किमान पगार कित्येक वर्षं 2,000 युरोच्या घरात अडकलेला होता. तो 1 जानेवारी 2023 पासून 2,715 युरो झाला आणि दोन वर्षांहून जास्त काम केलेल्यांसाठी 2,915. नंतरच्या वाढी सार्वजनिक सेवेतल्या वेतनवाढीबरोबर होत गेल्या. हा आकडा करापूर्वीचा. कर, आरोग्यविमा, निवृत्ती आणि बेकारी विमा वजा जाता एकट्या माणसाच्या हातात साधारण दोन तृतीयांश पडतात.

यात आणखी एक कपात असते, जी पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर पाहून नवे गायक गोंधळतात. रंगकर्मींच्या वेगळ्या पूरक निवृत्तिनिधीत पगाराच्या 9 टक्के जातात, निम्मे मालकाचे, निम्मे गायकाचे. ते वाया जात नाहीत. जर्मनी आणि कोरियात 2003 पासून सामाजिक सुरक्षेचा करारही लागू आहे, त्यामुळे मुख्य निवृत्तिविम्याची दोन्हीकडची वर्षं एकत्र धरता येतात. म्हणूनच, पुढेमागे सोलला परतून शिकवायचं ठरलेलं असलं तरी हे कागद जपून ठेवावेत.

नवशिक्याला सहसा किमान पगार किंवा त्याहून शे-दोनशे जास्त एवढंच देऊ करतात. तिथे घासाघीस करण्यापेक्षा भूमिकांवर बोलणं शहाणपणाचं. पहिल्या हंगामात दोन नावाजलेल्या भूमिका लेखी मिळाल्या तर त्या महिन्याच्या 150 युरोपेक्षा मोलाच्या, कारण पुढच्या प्रत्येक अर्जातल्या भूमिकांच्या यादीत त्या राहतात. एक वाक्य करारात दिसलं तर मात्र थांबावं: एकल गायनासोबत कोरसची जबाबदारी. लहान गृहं हे जोडून देतात. ते एकदा मान्य केलं की कोरसच्या तालमींत आठवडा संपतो आणि एकल भूमिका उरतात त्या 'महाराज, घोडे तयार आहेत' छापाच्या.

कोरस म्हटलं की लगेच नाक मुरडू नये, हेही इथेच सांगायला हवं. जर्मन ऑपेरागृहांच्या कोरसमध्ये कोरियन गायकांची संख्या लक्षणीय आहे आणि त्यामागे साधा हिशेब आहे. मोठ्या गृहांत कोरसचा पगार लहान गृहातल्या एकल गायकाच्या किमान पगाराहून जास्त असतो, नोकरी बरीच स्थिर असते आणि दर ऑक्टोबरला करार वाढतो की नाही ही धास्ती मुलांच्या शाळेच्या आड येत नाही. ज्याचा आवाज सुंदर पण लहान, किंवा ज्याला घर बसवायचं आहे, त्याने पस्तिशीपर्यंत वाट न बघता हा पर्याय तिशीतच तपासावा. कोरसच्या चाचणीत वाचून गाणं आणि आवाज मिसळणं बघतात. पस्तिशीला एकल गाऊन कडक झालेला गळा तिथे नापास होतो.

आत शिरायचे दरवाजे

पहिला दरवाजा संगीत महाविद्यालयाचा. बहुतेक राज्यांत शिकवणी शुल्क नाही; मोठा अपवाद बाडेन-व्युर्टेम्बर्ग, जिथे 2017-18 च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, मानहाइम, फ्रायबुर्ग, ट्रोसिंगन ही पाचही महाविद्यालयं त्याच राज्यातली, आणि कोरियन विद्यार्थ्यांची आवडतीही. शिवाय निर्वाहाची सोय दाखवायला अडकवलेल्या खात्यात वर्षाचे 11,904 युरो ठेवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर 2024 पासूनचा.

परवान्याच्या बाबतीत कोरियन पासपोर्ट मजबूत आहे. कोरियाचा नागरिक व्हिसाशिवाय जर्मनीत उतरून 90 दिवसांच्या आत तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातच राहण्याचा परवाना मागू शकतो; मोजक्याच देशांना ही सवलत आहे. पण परवाना हातात पडेपर्यंत काम सुरू करता येत नाही, आणि मोठ्या शहरांत भेटीची वेळच दोन-तीन महिन्यांनी मिळते. करार 1 ऑगस्टपासून असेल तर एप्रिलमध्येच वेळ मागून ठेवावी. जर्मन पदवी असेल तर शिक्षणानंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. दुसरीकडे, सैन्यसेवा न झालेल्या पुरुषाला 25 व्या वर्षापासून परदेशात राहण्यासाठी कोरियाच्या सैन्यभरती प्रशासनाची परवानगी लागते. म्हणून सेवा आधी उरकून निघणारेच पुढे मोकळेपणी चाचण्या देऊ शकतात.

दुसरा दरवाजा ऑपेरा स्टुडिओचा: मोठ्या गृहाच्या सावलीत एक-दोन वर्षं, छोट्या भूमिका, वयाची अट बहुतेक ठिकाणी तिशीच्या आसपास. सैन्य आणि पदव्युत्तर शिक्षण दोन्ही करून आलेल्याला ही अटच आडवी येते.

तिसरा दरवाजा स्पर्धांचा, आणि त्याचं कोरियात वेगळंच वजन आहे. सरकारी यादीत असलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पहिला किंवा दुसरा क्रमांक आला तर सैन्यसेवेऐवजी 34 महिने आपल्याच क्षेत्रात काम आणि 544 तास समाजसेवा, एवढ्यावर भागतं. तरुण गायकांच्या स्पर्धेच्या वेडामागे हे मोठं कारण आहे. पण स्पर्धा दार उघडते, आत बसवत नाही. चोई ह्यन-सू या बॅरिटोनने 1990 मध्येच चायकोव्स्की स्पर्धेत पहिलं पारितोषिक घेतलं होतं, म्हणजे ही परंपरा नवी नाही. किम ते-हान याने 2023 मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा 22 व्या वर्षी जिंकली. परदेशात शिक्षण न घेता, सोल राष्ट्रीय विद्यापीठातूनच. जिंकल्यावर तो गेला कुठे? बर्लिनच्या श्टाट्सऑपरच्या स्टुडिओत. एवढं मोठं बक्षीस खिशात असताना छोट्या भूमिका गायला जाणं हे कुणाला उलटं वाटेल. गळ्याच्या दृष्टीने तो सर्वांत सुज्ञ निर्णय होता. किम गि-हूनचा क्रम याच्या उलट. योन्सेई विद्यापीठ, हॅनोव्हरचं महाविद्यालय, 2016 ते 2019 हॅनोव्हरच्या ऑपेरात फेस्ट, आणि मग 2019 मध्ये चायकोव्स्की व ऑपेरालिया या दोन्ही स्पर्धांत दुसरं पारितोषिक, 2021 मध्ये बीबीसी कार्डिफ स्पर्धेचं मुख्य पारितोषिक, ते मिळवणारा पहिला कोरियन. त्याचं कार्डिफचं गाणं ऐकताना जाणवतो तो रंगमंचाचा सराव. बक्षिसापेक्षा त्यात हॅनोव्हरच्या तीन हंगामांचा वाटा मोठा आहे.

नोकरी लावून देणाऱ्या सेवा दोन प्रकारच्या. एक सरकारी, केंद्रीय रोजगार संस्थेचा कलावंत विभाग, ज्याला सगळे 'त्साफ' म्हणतात. बर्लिन, हॅम्बुर्ग, कोलोन, लाइपझिग, म्युनिक, श्टुटगार्ट इथे कार्यालयं. दलाली शून्य. पण नाव नोंदवायला आधी त्यांच्याच परीक्षकांसमोर गाऊन दाखवावं लागतं आणि नापास झाल्यावर पुन्हा संधी लवकर मिळत नाही, म्हणून घाईने जाऊ नये. त्यांची ताकद लहान आणि मध्यम गृहांत. अचानक आजारी पडलेल्याच्या जागी कुणी हवा असेल तेव्हाही त्यांचा फोन येतो. मोठ्या गृहांना मात्र खासगी एजंटच लागतो. खासगी दलालीला कायद्याने मर्यादा आहे: 14 टक्के, सात दिवसांपर्यंतच्या कामाला 18. आणि करार होण्याआधी नोकरी मिळवून देण्याचे आगाऊ पैसे मागता येत नाहीत. 'नोंदणी शुल्क', 'वार्षिक प्रतिनिधित्व शुल्क' अशी नावं दिसली की उठून यावं. आशियाई गायकांना विकली जाणारी चाचणी-सहलींची पॅकेजं याच जातीची: आठ दिवसांत पाच शहरं, समोर बसणारे मात्र निर्णय घेण्याच्या जागेवर नसलेले लोक.

दहा मिनिटांची चाचणी

चाचणीला तिथे फोरझिंगन म्हणतात. समोर इंटेंडंट म्हणजे गृहाचा प्रमुख, संगीत संचालक, ऑपेरा संचालक, तालीम-प्रमुख. पियानोवादक गृहाचाच. पाच आरियांची, म्हणजे ऑपेरातल्या एकल गीतांची, यादी द्यायची, पहिली स्वतः निवडायची, दुसरी ते सांगतात. बहुतेकांना दुसरी पुरी होण्याआधीच 'डांके' (धन्यवाद) ऐकू येतं. त्याचा अर्थ नकार असाच होतो असं नाही, वेळ संपलेली असते.

यादीतली सर्वांत मोठी चूक म्हणजे पाचही ठिकाणी ताकद दाखवणं. कोरियन प्रशिक्षणात मोठ्या, भरीव आवाजाला मान आहे, आणि विशीतच रिगोलेत्तो नि 'पालियाची'चा प्रोलॉग अशा जड गोष्टी गायची सवय लागते. ऐकणारे मात्र विचार करत असतात की पुढच्या हंगामात आमच्याकडे काय आहे. त्यांच्याकडे 'जादूची बासरी' आहे, 'ला बोहेम' आहे, 'फ्लेडरमाउस' आहे. यादी त्यांच्या उपयोगाची हवी. मोत्सार्ट एक, काउंटची आरिया चालेल, पण तिच्या शेवटच्या वेगवान तिहेरी स्वरांत आणि वरच्या एफ-शार्पवर गडबड होत असेल तर मुळीच नको. जर्मन दोन: वाग्नरच्या 'टानहॉयझर'मधल्या वोल्फ्रामचं संध्याताऱ्याचं गीत आणि कोर्नगोल्डच्या 'मृत नगरी'तलं पिएरोचं गाणं. दुसरं बॅरिटोनसाठी फार उपयोगी आहे. संथ, उंच पण मऊ, शब्द उघडे. आवाजाची चमक आणि उच्चार दोन्ही तीन-चार मिनिटांत दिसतात. फ्रेंच एक, 'फाउस्ट'मधल्या व्हॅलेंटिनची, वरचा जी सहज लागत असेल तरच. पाचवी दोनिझेत्तीच्या विनोदी ऑपेरांतल्या बेलकोरे किंवा मालातेस्ताची, थोडं हसू आणणारी. 'सेव्हिलचा न्हावी'मधलं फिगारोचं 'लार्गो' यादीत ठेवायला हरकत नाही, पण सुरुवात त्याने करू नये. सगळे तेच गातात, आणि अनोळखी पियानोवादक वेग आपल्या मनाने धरतो.

नेहमीच्या चुका अगदी क्षुल्लक असतात. स्वरलिपीची झेरॉक्स सुटी, पानं उलटताना पडणारी. कापलेला भाग पेन्सिलने पुसट दाखवलेला. वेग सांगताना टाळ्या वाजवणं. पियानोवादकाच्या कानाशी पहिल्या दोन ओळी हलक्या आवाजात म्हणून दाखवणं पुरतं. जर्मन वाद्यवृंद ए स्वर 443 हर्ट्झच्या आसपास लावतात. 440 वर तयार झालेल्या गळ्याला तो बारा सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर) वर जातो. ऐकायला नगण्य, पण बॅरिटोनचा आवाज जिथे वळण घेतो त्या बी ते ई या पट्ट्यात वारंवार राहणाऱ्या भूमिकेत तिसऱ्या अंकापर्यंत ते जाणवतं. सराव 443 वरच करावा.

जीभ

इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त करार इथेच हातचे जातात. बॅरिटोनची लहान गृहातली रोजची भाकरी म्हणजे 'जादूची बासरी'तला पापागेनो आणि 'फ्लेडरमाउस'मधला डॉक्टर फाल्के. दोघांनाही पानंच्या पानं बोलायचं असतं, जर्मनमध्ये, आणि प्रेक्षकांना हसवत. गाण्यातला पापागेनो सोपा आहे. बोलण्यातला पापागेनो कोरियन गायकाला सहा महिने मागतो.

अडचणी ठरलेल्या आहेत, म्हणून त्यांवर कामही ठरवून करता येतं. कोरियन भाषेत फ, व्ह आणि मऊ झ हे जर्मन वर्ण नाहीत. 'फ्राउ'चं 'प्राउ' होतं, 'झी'चं 'शी' किंवा 'जी'. जोडाक्षरांच्या मध्ये कोरियन जीभ आपोआप एक पुसट स्वर घुसवते. आपल्याकडे 'स्कूल'चं 'इस्कूल' होतं त्याच जातीचा प्रकार. त्यामुळे 'आबेंडश्टेर्न'मध्ये (संध्यातारा) दोन स्वर जास्त ऐकू येतात आणि लय मागे पडते. शब्दाच्या शेवटचं त किंवा क कोरियनमध्ये तोंडातच राहतं, सुटत नाही. जर्मनमध्ये 'लिश्ट'मधला त शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. ओठ गोल करून म्हणायचे दोन जर्मन स्वर कोरियनमध्ये 'वे' आणि 'वी' असे फुटतात. र आणि ल हे कोरियनमध्ये एकाच अक्षराचे दोन अवतार, शब्दातल्या जागेवर ठरणारे. 'लेबेन' म्हणजे जगणं, 'रेबेन' म्हणजे द्राक्षवेली. एक गोष्ट मात्र त्यांना इतरांपेक्षा सहज जमते: 'इश'मधला तो मऊ, टाळूवर घासणारा वर्ण. इंग्रज गायक ज्याच्यासाठी झटतात तो कोरियन 'हिम'मध्ये आधीच आहे.

यावर उपाय गायनशिक्षक नव्हे. नाटकवाल्यांना उच्चार शिकवणारा तज्ज्ञ गाठावा, भूमिका सुरू होण्याच्या तीन महिने आधी. पहिला महिना संवाद नुसते वाचायचे, वाक्यातला जोर कुठल्या एका शब्दावर आहे ते प्रत्येक ओळीत खूण करून. कोरियन वाक्यात शब्दाघात जवळजवळ सपाट असतो. जर्मन प्रेक्षक वर्ण चुकला तर माफ करतो, जोर चुकला तर त्याला अर्थच लागत नाही. दुसऱ्या महिन्यात चालत, सामान हलवत बोलायचं. तिसऱ्यात समोर कुणीतरी मध्येच तोडणारा हवा, कारण रंगमंचावर तसंच होतं. महाविद्यालयं जर्मनच्या बी1-बी2 या मध्यम पातळीवर प्रवेश देतात. तेवढ्यावर तालमीत निभतं, विनोदात नाही.

तालमीतही एक छोटा सापळा आहे. जर्मन दिग्दर्शक डावं-उजवं म्हणतो ते प्रेक्षकांच्या बाजूने. कोरियात बाजूंना नावं आहेत, प्रेक्षकांच्या उजवीकडची ती सांगसू, डावीकडची हासू. इंग्रजी रंगमंच-सूचना (त्या नटाच्या बाजूने असतात) ऐकून आलेला गायक पहिल्या दिवशी हमखास उलट्या बाजूने निघून जातो. निरुपद्रवी चूक, पण चौथ्यांदा झाली की सहायक दिग्दर्शकाच्या वहीत जाते.

पात्रयोजनेबद्दल स्पष्टच सांगायचं तर 'तुरांदोत'मधला पिंग आणि 'बटरफ्लाय'मधला यामादोरी चेहऱ्यावरून देऊ केले जातात. घ्यावेत, गाण्यासारखे आहेत. फक्त भूमिकांच्या यादीत त्यांना वर ठेवू नये, नाहीतर पुढच्या गृहातून विचारणाही तेवढ्याचीच येते.

गळा किती खर्च होतो

दोनच बॅरिटोन असलेल्या गृहात शुक्रवारी मार्चेलो, शनिवारी पापागेनो, रविवारी दुपारी म्युझिकल असा आठवडा येतो. हे चालतं. चालत नाही ते म्हणजे तिसऱ्या हंगामात 'तुझा आवाज मोठा आहे, रिगोलेत्तो कर' असं म्हणून पुढे आलेलं आमिष. करारात आवाजाचा प्रकार लिहिलेला असतो आणि त्या चौकटीतली भूमिका नाकारणं अवघड. म्हणून तिथे नुसतं 'बॅरिटोन' न लिहिता गीतप्रधान, लिरिक असं लिहून घ्यावं. भूमिकांचा क्रम असा: आधी शोनार, मार्चेलो, सिल्व्हिओ, गुल्येल्मो, काउंट, मग ओनेगिन, पोसा, वोल्फ्राम. मॅकबेथ, स्कार्पिया, डचमन चाळिशीच्या जवळ.

सॅम्युएल युनचा हिशेब इथे बोलका आहे. 1999 ला कोलोनच्या संचात. 2010 पासून बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात 'लोहेनग्रिन'मधल्या दवंडीवाल्याची भूमिका. 2012 च्या जुलैत, प्रयोगाला चार दिवस उरलेले असताना 'उडता डचमन'चा मुख्य गायक गोंदणाच्या वादात बाहेर पडला आणि ती भूमिका युनकडे आली. तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता आणि पाठीशी तेरा हंगाम होते. चार दिवसांत डचमन उभा राहिला याचं श्रेय त्या तेरा हंगामांना. तोच करार 28 व्या वर्षी आला असता तर गळ्याचं काय झालं असतं, याची कल्पना केलेलीच बरी. 2022 मध्ये त्याला कोलोनमध्ये कामरझेंगर ही मानाची पदवी मिळाली आणि त्याच वर्षी तो सोल राष्ट्रीय विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतला.

ऑक्टोबर

या नोकरीचा सर्वांत वाईट भाग तारखेने सांगता येतो: 31 ऑक्टोबर. करार आपोआप एका हंगामाने वाढतो, पण गृहाला वाढवायचा नसेल तर त्या तारखेपर्यंत तसं कळवावं लागतं. आठ वर्षांहून जास्त झाली असतील तर ही तारीख आणखी आधी, आदल्या हंगामाच्या 31 जुलैला. पंधरा वर्षं झाल्यावर असं काढून टाकणं जवळजवळ अशक्य. म्हणूनच चौदाव्या वर्षी करार न वाढवल्याचं पत्र येण्याचं प्रमाण चर्चेचा विषय असतो. कारण 'कलात्मक' असं दिलं की पुरतं. नवा इंटेंडंट आला की तो आपली माणसं आणतो, आणि तेव्हा उत्तम गाणाऱ्यालाही पत्र मिळतं. इंटेंडंट बदलामुळे करार संपला तर काही अटींवर नुकसानभरपाई मागता येते. पत्रात कारण तेच लिहिलेलं आहे का, हे म्हणून नीट वाचावं.

पत्रापूर्वी गायकाचं म्हणणं ऐकून घेण्याची बैठक बंधनकारक आहे. तिला एकट्याने जाऊ नये. कलावंतांच्या संघटनेचा सदस्य असेल तर प्रतिनिधी सोबत न्यावा. नम्रपणे मान डोलावून बाहेर पडणं ही कोरियन गायकांची नेहमीची चूक. 'समजलं' या अर्थाने म्हटलेला 'या' (जर्मन 'हो') तिथे संमती म्हणून लिहिला जातो. बैठक न घेता किंवा मुदत उलटल्यावर आलेलं पत्र टिकत नाही, त्यामुळे लिफाफ्यावरची आणि मिळाल्याची तारीख दोन्ही जपावी.

पत्र आलंच तर हातात नऊ महिने असतात, आणि चाचण्यांचा खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. परवाना नोकरीशी बांधलेला असेल तर करार संपल्याचं परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं. जर्मन पदवी आणि दोन वर्षांची नोकरी झालेली असेल, तर त्याच हिवाळ्यात, करार चालू असतानाच, कायम वास्तव्याचा अर्ज टाकावा. ऑगस्टमध्ये पगाराची चिठ्ठी नसताना तो अडतो. बेकारी विम्याचा हक्क मागच्या 30 महिन्यांत 12 महिने हप्ते भरलेल्याला मिळतो, निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67. त्यासाठी करार संपण्याच्या तीन महिने आधी रोजगार कार्यालयात नाव नोंदवायचं असतं. करार 31 जुलैला संपत असेल तर 30 एप्रिलच्या आत, तालमीच्या मधल्या सुट्टीत का होईना. उशीर झाला तर पहिल्या आठवड्याचे पैसे कापले जातात.